पान एकशे बारा

नागभीडच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पेंटरनं पाटीवर 'स्पायरल'चं 'स्पायलर' केलं,
ते तसंच राहिलं.
लग्नपत्रिका, सातबारा, खरे-खोटे दाखले,
सगळं याच काचेवर पालथं पडतं.
मशीनला वाचता येत नाही, हा तिचा गुण.
मला येतं, हा माझा धंद्यातला दोष.

त्या जानेवारीत तिघं एकाच दुपारी आले.
हिमगौरी, भूगोलवाली, दिल्लीहून: मामा तलावांवर तीनशे पानं,
पेरूच्या किनाऱ्याशी समुद्र तापला की
आमच्या धानाच्या बांधीत काय होतं, त्याचे नकाशे.
खोब्रागडे सर, अर्थशास्त्र:
मिरची कुठल्या देशात खातात
आणि खम्ममला ती तोडताना बोटं कुणाची जळतात.
तिसरा पुण्याचा, निरंजन, टायरच्या चपला घातलेला:
बायकांचं रक्त, लोहाच्या गोळ्या, गोळ्यांची कंत्राटं.
एकमेकांना ओळखत नव्हते.
चहा एकाच टपरीवर प्यायले, पाठीला पाठ लावून.

लाइट गेली. आली तेव्हा पंखा पाचवर होता
आणि तीन विद्यापीठं फरशीवर.
आकडे बघून गोळा करत गेलो,
पण प्रत्येकाचा आकडा एकपासूनच सुरू होतो.

एकशे बारापाशी अडलो.

एकावर: 'महिला, वय ४१. तलावाचा लिलाव झाल्यापासून मासेमारी बंद.
डावी करंगळी नाही; तरी जाळं विणते.'
दुसऱ्यावर: 'उत्तरदाता क्र. १७. वर्षातले तीन महिने गावाबाहेर.
करंगळी नसल्याच्या सबबीवर मजुरी कमी.'
तिसऱ्यावर: 'नमुना फ-९. हिमोग्लोबिन ७.२.
डाव्या हाताऐवजी उजव्या हाताचं बोट टोचले. पुढील भेटीस अनुपस्थित.'

अनुपस्थित म्हणजे खम्ममला.
खम्ममला, कारण तलाव गेला.
कोणतंही पान कुठंही लावा,
वाक्य पुढं चालत होतं.

गावाचं नाव तिघांनीही बदललेलं, नियमाप्रमाणं.
पण अंतकला नान्हेच्या आधारकार्डाची झेरॉक्स
मी निदान तीसदा काढली असेल.

चौथ्या दिवशी ती आली, रेशनकार्ड घेऊन,
गाडी रात्रीची होती.
मी विचारलं. हसली.
"तिघंही आले होते ना जी. पोरगी चांगली, पान्यात उतरली माह्यासंगं.
सरानं बिस्किटं आनली.
त्या पोराले सुई टोचाचंच भेव, मलेच धीर द्या लागला."
मी तिन्ही पानं वाचून दाखवली.
ऐकत राहिली, भिंतीपल्याडचं भांडण ऐकावं तशी.
"खोटं नाही काही," म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"पन मी पंचायतीले उभी रायली होती. वॉर्ड तीन.
तलावासाठीच. चौदा मतांनी पडली.
थे कोनाच्या कागदात हाये?"

मी चाळलं, संदर्भसूचीसकट.
हेग होतं, हवाना होतं.
वॉर्ड नंबर तीन नव्हता.

तिघांची पानं मी जिथली तिथं लावली.
फक्त एकशे बारा पाठपोट काढलं:
हिमगौरीच्या पाठीवर सरांचं,
सरांच्या पाठीवर रक्ताचं,
रक्ताच्या पाठीवर तलाव.
पैसे एकाच बाजूचे घेतले.
अजून कुणाची तक्रार नाही.
पाठ कुणी पाहिलीच नसेल.

अंतकलानं रेशनकार्डाच्या दोन प्रती घेतल्या,
चार रुपये मोजून ठेवले.
बाहेर गारठा होता.
मशीनमधून नुकताच निघालेला कागद
तिनं गालाला लावला, मग दुसऱ्या गालाला,
"गरम हाये," म्हणाली,
आणि घडी न घालता घेऊन गेली.